कानाजवळ हात, कानावर नाही

माझ्या मुलीनं मला एक कागद दिला आणि म्हणाली, अम्मी, आधी हा वाच, मग गाणं ऐक. मी बावीस वर्षं जळगावच्या मराठी शाळेत शिकवते. कविता आधी वाचावी आणि मग तिची चाल लावावी, हे मी वर्गात रोज सांगते. पण या कागदावर गाण्याचे शब्दच नव्हते. डावीकडे मिनिटं आणि सेकंद, उजवीकडे त्या त्या वेळी काय होणार याची नोंद. मी म्हटलं, हे गाणं आहे की एसटीचं वेळापत्रक? ती हसली नाही. चेष्टा नंतर कर म्हणाली.

पहिली ओळ अशी होती: "शून्य ते चौदा सेकंद. फक्त बेस गिटार. जाड, खालचा आवाज. छातीत कळतो, कानाला टोचत नाही." त्याखाली: "पंधराव्या सेकंदाला ड्रम. आधी काठीवर काठी दोनदा वाजते, ती खूण समजा." आणि मध्यावर, लाल शाईनं: "एक मिनिट बावन्न. सगळं थांबतं. अडीच सेकंद काहीच नाही. फसू नका, यानंतरचा आवाज गाण्यातला सगळ्यात मोठा. हात कानाजवळ ठेवा, कानावर नाही."

ही लाल ओळ मी दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

माझ्या मुलीचे कान तिखट आहेत. तिखट म्हणजे लोक कौतुकानं म्हणतात तसे नाहीत. कुकरची शिट्टी झाली की तिच्या दाढा दुखतात. स्टीलचं ताट फरशीवर पडलं तर ती अर्धा तास बोलत नाही. शाळेची घंटा, मिक्सर, सरकवलेली खुर्ची, लग्नातला डीजे, हे सगळं तुम्हाआम्हाला नुसतं ऐकू येतं, तिला ते लागतं. लहानपणी डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की कानात काही दोष नाही, कान फार उत्तम आहेत, तेच दुखणं आहे. नातेवाइकांनी सांगितलं की सवय होईल. मीही तेच धरून बसले. ती नऊ वर्षांची असताना एका लग्नात बँडसमोर मी तिचे हात तिच्या कानांवरून ओढून खाली धरून ठेवले होते, लोक बघतात म्हणून. तिनं तेव्हा माझ्याकडे जसं पाहिलं ते मी अजून विसरले नाही, आणि विसरूही नये.

आता ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते, आणि बाहेर पडताना कानांवर मोठे जाड गार्ड लावते. रस्त्यावरची माणसं ती गाणी ऐकतेय असं समजून सोडून देतात. फोनवर तिला देशोदेशीची तिच्यासारखी माणसं सापडली आहेत. त्यांची एक रीत आहे. ज्यानं एखादं गाणं धीर करून ऐकलं, त्यानं ते सेकंदासेकंदानं लिहून ठेवायचं: कुठे काय येतं, किती मोठं, किती टोकदार, आधी खूण मिळते की नाही. म्हणजे पुढच्यानं न घाबरता ऐकावं. एकमेकांना कधी न पाहिलेली ही माणसं एकमेकांच्या पुढे अशी दिवा धरून चालतात. हे कळलं तेव्हा मी खरोखर थक्क झाले. शेजारच्या घरात नळ आला तर सांगायला आपण आळस करतो.

तर तो कागद तिनं अशाच एका गाण्याचा केला होता आणि माझ्यासाठी मराठीतून लिहिला होता. गाणं इंग्रजी, कुठल्याशा थंड देशातल्या चार पोरांचं. या प्रकाराला पोस्ट-पंक म्हणतात म्हणे. मी विचारलं, आधी पंक म्हणजे काय ते सांग, मग त्याच्या नंतरचं बघू. ती म्हणाली की काही रागावलेली पोरं होती, त्यांना वाजवता फारसं येत नव्हतं, पण ती जोरात वाजवत. मग त्यांच्यातल्या काहींनी राग तसाच ठेवला आणि आवाजात मोकळी जागा सोडायला शिकले. ते हे.

मी आधी कागद बाजूला ठेवून ऐकलं, कारण मी मास्तरीण आहे आणि मला कुणी वाचायला सांगितलेलं आवडत नाही. गाणं चार मिनिटांचं. मला वाटलं, पत्र्याच्या शेडमध्ये कुणी भांडण मांडलंय. गाणारा गात नव्हता, तक्रार करत होता. एका ठिकाणी सगळं बंद पडलं, मला वाटलं संपलं, आणि मी फोन उचलायला वाकले तोच असा काही धडाका झाला की माझा हात चहाच्या कपाला लागला. मुलगी शांतपणे फडकं घेऊन आली. एक मिनिट बावन्न, एवढंच बोलली.

दुसऱ्यांदा मी कागद हातात धरला आणि ओळीवर बोट ठेवून ऐकलं. आणि मग जे झालं ते सांगायला मला नीट शब्द सापडत नाहीत. तोच गोंगाट, पण आता त्याला खोल्या होत्या. बेस म्हणजे खालची जमीन. तिनं लिहिलं होतं, "हा शेवटपर्यंत सोडून जात नाही. घाबरलात तर याला धरून राहा." त्यावर ड्रम, कोरडा, घुमत नाही असा. चाळिसाव्या सेकंदाला डाव्या कानात गिटार येते, "पातळ, धार असलेली, पण एकच सूर, तीनदा, मग गप्प." पन्नासाव्याला उजव्या कानात दुसरी, तिला उत्तर देणारी. गाणाऱ्याबद्दल तिनं लिहिलं होतं, "हा माणूस ओरडणार असं सारखं वाटतं. तो दोनदाच ओरडतो: दोन मिनिटं एकतीस आणि तीन मिनिटं पाच. दोन्ही वेळा आधी मोठा श्वास घेतो. श्वास ऐका." मी ऐकला. खरोखर श्वास होता. तिकडच्या कुण्या अनोळखी माणसानं घेतलेला श्वास माझ्या जळगावच्या स्वयंपाकघरात मला ऐकू आला, कारण माझ्या मुलीनं मला तो कुठे आहे ते सांगितलं होतं. एक मिनिट बावन्नला मी हात कानाजवळ नेले, कानावर ठेवले नाहीत. शांतता आली. अडीच सेकंद म्हणजे केवढा वेळ असतो! आणि मग तो मोठा आवाज आला तेव्हा मी त्याची वाट बघत होते. तो मला लागला नाही. तो आला, आणि मला आनंद झाला.

मग मी तिला विचारलं ते विचारायला मला दहा वर्षं उशीर झाला होता. तुला कुकर सोसत नाही आणि हे कसं सोसतं? ती म्हणाली, "मोठा आवाज मला चालतो, अम्मी. आधी न सांगता येणारा चालत नाही. हे गाणं दर वेळी त्याच सेकंदाला तेच करतं. ते शब्द पाळतं."

मला त्या क्षणी धुळ्याचं दुकान आठवलं, आणि माझे वडील.

माझं माहेर धुळ्याचं, पिंजाऱ्याचं. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा. अब्बा तरुणपणी खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव फिरत. धनुकली म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य, तिला आतड्याची तांत ओढलेली. कापसाच्या ढिगात तांत बुडवायची आणि लाकडी ठोकळ्यानं छेडायची, की रुई फुलून वर उडते. खेड्यापाड्यांतल्या ओसऱ्यांवर बसून त्यांची जीभ पुरती अहिराणी झाली आणि तशीच राहिली. पुढे त्यांनी पिंजण्याचं मशीन घेतलं आणि धनुकली भिंतीवर गेली. तांत उंदरांनी खाल्ली, लाकूड राहिलं. मशीननं चाळीस वर्षांत त्यांचे कान खाल्ले.

आमच्या घरात एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक मुलीची रजई घरातला मोठा माणूस स्वतः पिंजतो, आणि कापसाची पहिली मूठ त्या मुलीनं टाकायची. लग्नाच्या वेळीच असं काही नाही, मुलगी कळती झाली की कधीही. माझी अब्बांनी केली, माझ्या बहिणींच्या केल्या, भाच्यांच्या केल्या. राहिली होती ती फक्त माझ्या मुलीची.

कारण ती चार वर्षांची असताना एक गोष्ट घडली होती. मी माहेरी गेले होते आणि आत चहा करत होते. पुढच्या दुकानात अब्बांनी नातीला कापसाच्या गासडीवर बसवलं आणि कौतुकानं मशीन सुरू केलं. मी धावत गेले तेव्हा ती किंचाळायची थांबली होती. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता, फ्रॉक ओला झाला होता. अब्बा बटण बंद करून तिच्यासमोर हात जोडून उभे होते. चार वर्षांच्या पोरीपुढे. त्यानंतर ती त्या दुकानात कधी गेली नाही. आम्ही धुळ्याला गेलो की अब्बा मशीन बंद करत, गिऱ्हाईक असलं तरी परत पाठवत आणि मागच्या खोलीत येऊन बसत. नात त्यांना नाना म्हणे, पण त्यांच्यापासून दोन हात लांब बसे. तिला भीती वाटे ती त्यांच्या भसाड्या आवाजाची, कारण बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो. अब्बांना वाटे, पोर आपल्यालाच भिते.

एकाला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही आणि दुसरीला ओरडलेलं सोसत नाही. पंधरा वर्षं त्या दोघांमधली टपालवाली मी. नाना विचारतायत अभ्यास कसा चाललाय. त्यांना सांग बरा चाललाय. एवढंच टपाल. खरी गोष्ट मी कधी पोचवली नाही. अब्बा, ती तुम्हाला भीत नाही, मोठ्या आवाजाला भिते, हे सांगायचं तर गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ती गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. लिहून द्यावी हे मला सुचलं नाही. बावीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला सुचलं नाही.

या वर्षी अब्बांचा खांदा गेला. दिवाळीनंतर मशीन पाचोऱ्याच्या एका माणसाला द्यायचं ठरलं. बहिणीनं फोनवर सांगितलं की अब्बांनी जिनिंगमधून नवी रुई आणून वेगळी बांधून ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाहीत, आणि कुणाची म्हणून सांगतही नाहीत. मला कळलं. मी मुलीला सगळं सांगितलं, अगदी हात जोडलेले अब्बासुद्धा.  ती म्हणाली, रविवारी जाऊ.

एसटीत पारोळ्यापर्यंत ती डोळे मिटून होती. धुळ्याला पोचलो तर दुकानाचं दार नेहमीसारखं ओढलेलं आणि अब्बा मागच्या खोलीत धुतलेला सदरा घालून बसलेले. मुलीनं पिशवीतून छोटा स्पीकर काढला आणि त्यांच्यापुढे सतरंजीवर ठेवला. मग तो कागद त्यांच्या हातात दिला. अब्बा चौथी शिकलेले, मराठी वाचतात, पण प्रत्येक अक्षराला भेटून पुढे जातात. त्यांनी चष्मा लावला, तिनं गाणं लावलं, आणि त्यांना काही ऐकू येईना म्हणून त्यांचा हात धरून स्पीकरवर ठेवला. पंधरा वर्षांनी तिनं त्यांच्या हाताला हात लावला होता. मी दारात उभी होते, तिथेच राहिले.

बेस सुरू झाला. अब्बांचा तळवा स्पीकरवर आणि कपाळाला आठी. मग ते म्हणाले, "येनी तांत ढिली शे."

मुलीनं गाणं थांबवलं. मला वाटलं ती दुखावली. पण ती माझ्याकडे बघून डोळे मोठे करून म्हणाली की त्या माणसानं बेसची तार मुद्दाम सैल केलेली आहे, तिनं कुठेतरी वाचलं होतं, कागदावर लिहायचं राहिलं होतं. ते नानांना हातानं कळलं. मी हे कागदामागे लिहून अब्बांना दाखवलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांना काळजी वेगळीच होती. इतक्या सैल तांतेनं रुई कशी फुलणार, तो पोरगा उगाच दमत असेल. त्यांनी हवेत ठोकळा धरल्यासारखी मूठ केली आणि त्याला कसं छेडायला हवं ते दाखवलं. मुलगी हसली. त्या घरात तिला मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मग अब्बांनी पूर्ण कागद वाचला. बोट ओळीखाली सरकत होतं. लाल ओळीपाशी ते थांबले, माझ्यासारखेच. तिथे बोट बराच वेळ राहिलं. मग ते बोलले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते हळू बोलतायत. इतकं हळू, की त्यांना स्वतःला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. आवाज घशातून किती सोडायचा हे त्यांनी नुसत्या अंदाजानं ठरवलं होतं. "मशीनना बी असा कागद व्हई का?"

मुलीनं पिशवीतून वही काढली. अब्बा सांगत गेले, ती लिहीत गेली. ज्या माणसाला ते मशीन कित्येक वर्षांत ऐकू आलं नव्हतं, तो त्याचा आवाज सांगत होता. बटण दाबलं की आधी मोटर गुणगुणते, पाच आकडे मोजून होईपर्यंत. मग पट्टा एकदा फटकन वाजतो. तो फटका एकदाच, पुन्हा येत नाही. मग डोल फिरू लागतो, म्हणजे आतलं खिळ्यांचं पिंप, आणि आवाज चढत जातो. कापूस आत गेला की तोच आवाज खाली बसतो, जाड होतो. कापूस संपत आला की परत चढतो. हे सगळं त्यांच्या पायांत होतं, हातांत होतं. मी त्या घरात जन्मले आणि मला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं. मला ते सगळं एकच कटकट वाटायचं. मी दारात बसून ऐकत राहिले.

विचारायचं ते तिनं वहीत लिहून दाखवलं: सगळ्यात मोठा आवाज कधी?

अब्बांनी वाचलं आणि चष्मा काढला. "रिकामं मशीन जास्ती बोंबलस," ते म्हणाले. मग, तसंच हळू, "त्या रोजे रिकामं व्हतं. तुना नाकमा रुई जावाले नको म्हनीन मी कापूस टाकाच नई."

चार वर्षांच्या नातीच्या नाकातोंडात रुईचे तंतू जातील, तिला खोकला होईल, ही पिंजाऱ्याची भीती. म्हणून त्यांनी तिच्यासाठी म्हणून मशीन रिकामं फिरवून दाखवलं होतं. धुळीपासून तिला वाचवलं, आणि मशीन ओरडू शकतं त्याच्या वरच्या टोकाला तिला नेऊन बसवलं. आवाजाचं त्यांच्या मनातच आलं नाही. आवाज त्यांना तोवर ऐकू येईनासाच होऊ लागला होता. पंधरा वर्षं हे त्यांना ठाऊक होतं, आणि सांगणार कुणाला, मधली टपालवाली कधी विचारायलाच आली नाही. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

मुलीनं ते वाक्य वहीत लिहिलं नाही. तिनं पेन ठेवलं आणि गार्ड कानांवर चढवले. हातानं दुकानाकडे खूण करून म्हणाली, नाना, चला.

दुकानात ऊन आलं होतं. वेगळ्या बांधलेल्या रुईची गाठ अब्बांनी दातानं सोडली. धंद्यात त्यांचा एक नियम होता, तो मी लहानपणापासून ऐकत आलेय: मशीन सुरू करायचं ते रिकामं आणि बंद करायचं तेही रिकामं. आधी डोलानं वेग घ्यावा, मग कापूस. आणि शेवटी पोटात तंतू उरता कामा नये, नाहीतर तो दांड्याला गुंडाळून बसतो आणि काढताना जीव जातो. या नियमासाठी त्यांनी माझ्या भावाला झापलेलं मला आठवतं. आज ते मशीनच्या बाजूला वाकले आणि दुखरा खांदा सांभाळत डाव्या हातानं चाक फिरवू लागले. मुलीला त्यांनी कापूस दाखवला. तिनं पहिली मूठ टाकली. अब्बांनी चाक हातानंच फिरवत ती मूठ आत घेतली, मग दुसरी, मग तिसरी. मशीनचं पोट भरलं. मग ते तिला दिसतील असे समोर उभे राहिले, पाच बोटं वर केली आणि एकेक मिटू लागले. शेवटचं बोट मिटलं आणि बटण दाबलं.

गुणगुण. पाच आकडे मी मनात मोजले. पट्ट्याचा फटका बसला तेव्हा मुलीचे खांदे उडाले, पण पाय जागचे हलले नाहीत. मग डोल फिरला, आणि खरंच, जाड, खालचा, भरलेला आवाज. छातीत कळणारा. मी गार्डशिवाय उभी होते आणि मी त्या आवाजात पट्टा वेगळा ऐकला, मोटर वेगळी ऐकली, खिळ्यांतून सुटणारी रुई वेगळी ऐकली. हे घर चाळीस वर्षं जेवलं ते या आवाजावर, आणि मी तो आज पहिल्यांदा ऐकत होते. मागच्या तोंडातून पांढरं ढगासारखं काही फुलून बाहेर पडत होतं आणि माझी मुलगी तोंडाला ओढणी बांधून पुढून मुठीमागून मुठी टाकत होती.  ती थांबली नाही. अब्बा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, मशीनकडे नाही.

गाठोड्यात शेवटच्या दोनतीन मुठी राहिल्या. तिनं वहीत लिहून घेतलेलं मला आठवत होतं: शेवटी मशीन ओरडतं, तेव्हा बाहेर जा. तिलाही आठवत होतं, तिनं एकदा दाराकडे पाहिलं. तिनं शेवटची मूठ टाकली आणि हात कानांजवळ नेले. आवाज अजून भरलेलाच होता. आणि अब्बांनी बटण बंद केलं.

पोटात कापूस ठेवून. मशीन सुस्कारा टाकत मंद झालं आणि थांबलं. वरचा आवाज आलाच नाही. मुलगी हात तसेच धरून वाट बघत राहिली, मग तिच्या लक्षात आलं. तिनं गार्ड काढले. दुकानात रुई हळूहळू खाली बसत होती, तिच्या केसांवर, अब्बांच्या धुतलेल्या सदऱ्यावर.

अब्बांनी मशीनचं झाकण उघडलं, जमिनीवर बसले आणि लोखंडी आकडा घेऊन दांड्याला गुंडाळलेली रुई तंतूतंतूनं सोडवू लागले. एक तासाचं तरी काम होतं आणि खांदा दुखत होता. मुलगी त्यांच्याशेजारी बसली आणि बोटांनी सोडवू लागली. अर्ध्या तासानं तिनं वही ओढली, शेवटची ओळ खोडली, तिथे दुसरी लिहिली आणि वही माझ्याकडे दिली. अब्बांचे दोन्ही हात गुंतलेले, चष्मा आत राहिलेला. ती म्हणाली, "तू वाच त्यांना. मोठ्यानं."

मी तिच्या कानांकडे पाहिलं. गार्ड गासडीवर पडलेले होते. तिनं दोन्ही हात उचलून कानाजवळ धरले, कानावर ठेवले नाहीत, आणि मान हलवली. मी पाच बोटं वर केली, एकेक मिटली, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: "शेवटी मोठा आवाज येत नाही. नाना आधीच बंद करतात."